अप्पांना शेती आवडत नव्हती

अप्पांना शेती आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ते गेल्यावर जो उठला तो नेमकं उलटं सांगत सुटला. एका माणसानं चोपन्न वर्षं एकाच जमिनीवर काढली म्हणजे त्याचा तिच्यावर जीव असणारच, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांच्या लेकीला विचारायची तसदी कुणी घेतली नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की तुरुंगातही माणसं वर्षानुवर्षं काढतात, पण म्हणून भिंतींवर त्यांचा जीव जडला असं कुणी म्हणत नाही.

एकोणिसाव्या वर्षी अप्पा शहरात एका चष्मेवाल्याकडे काचा घासायला शिकत होते. दुकानाच्या मागच्या खोलीत घासायचं चाक होतं, त्यावर थेंबथेंब पाणी पडायचं. खिडकीला दुहेरी पडदा आणि दारात एक सोडून दोन पायपुसणी. धुळीचा एवढासा कण चाकावर आला की काचेवर ओरखडा उठायचा आणि काच बाद. चष्मेवाला रोज सकाळी कामाआधी सगळ्यांची नखं तपासायचा. अप्पांना हे सगळं मनापासून आवडायचं. त्या खोलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा, मऊ व्हायचा. गाईंबद्दल बोलताना तो तसा कधी झाला नाही.

मग आजोबा गवताच्या गंजीवरून पडले. वर चढायचं काही कारण नव्हतं. शेजाऱ्याची गंजी आपल्यापेक्षा उंच झालीय की काय, हे बघायला ते चढले होते. शेजाऱ्याची उंचच होती. ते बघून उतरताना पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. अप्पांना पत्र गेलं, चार महिन्यांसाठी ये. अप्पा एका पिशवीत कपड्यांचे दोन जोड घेऊन आले. चष्मेवाल्यानं जागा राखून ठेवतो म्हणून सांगितलं होतं, आणि भल्या माणसानं ती सहा महिने राखलीही. सातव्या महिन्यात त्यानं दुसरा माणूस घेतला.

अप्पांना एक धाकटा भाऊ होता, लेकीचा काका. खरं तर त्याचं वय सतरा, अंगानं दणकट, तोही नांगर धरू शकला असता. पण त्याला धुळीनं शिंका यायच्या. म्हणून त्याला शिकायला शहरात पाठवलं. ज्याला धूळ सहन होत नव्हती तो सुटला, आणि ज्याला धुळीचा तिटकारा होता तो अडकला. या निवाड्यात काही वावगं आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही.

आजोबा त्यानंतर बावीस वर्षं जगले. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि हुकूम सोडायचे. त्या खिडकीतून निम्मंच शेत दिसायचं. न दिसणाऱ्या निम्म्याबद्दल ते जास्त ठामपणे बोलायचे.

आता कुणाला वाटेल की असा मनाविरुद्ध आणलेला माणूस शेतीची वाट लावून ठेवील. उलट झालं. अप्पांनी शेती अशी केली की आसपासच्या जीव लावणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत. जीव लावणारे बांधावर उभे राहून पिकाकडे कौतुकानं बघत बसायचे. अप्पा बघत बसत नसत. बघण्यासारखं त्यात त्यांना काही दिसतच नव्हतं. ते मोजायचे. कुंपणाचा प्रत्येक खांब ओळंबा लावून ठोकायचे, बटाट्याच्या सरीला दोरी धरायचे. विहिरीचं पाणी किती उतरलं याच्या खुणा त्यांनी आतल्या दगडावर रंगवून ठेवल्या होत्या. शेतात जाताना बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. परत आले की दारातच ब्रशनं नखं घासायचे, पाच पाच मिनिटं, चेहऱ्यावर अशी किळस की जणू शेतातून नाही, गटारातून वर आलेत.

लोकांनी त्यांचं नाव वैतागराव ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. "राव लावलंय, म्हणजे थोडीफार अक्कल आहे त्यांना," असं म्हणायचे.

गाईंना ते चार कप्प्यांचं पोट आणि चिमूटभर मेंदू म्हणायचे. पावसाकडे बघून म्हणायचे, "पडायचं तर पड, नाहीतर चालता हो. हे मधलं काय चाललंय?" त्यांच्या गोठ्यातलं दूध इतकं स्वच्छ असायचं की दूध संस्थेनं एकदा इतर शेतकऱ्यांना ते बघायला आणलं. वीसेक जण गोठ्यात दाटीवाटीनं उभे राहिले. अप्पांनी विचारलं, "धार काढायच्या आधी हात कोण धुतं?" बरेच हात खिशात गेले. "मग बघून काय करणार? जा घरी," म्हणाले आणि बादली उचलून चालू पडले. संस्थेच्या सचिवानं हसून वेळ मारून नेली. तो तेव्हा नवीन होता. पुढे तीस वर्षं त्याला हेच करावं लागलं.

आईचं वेगळं होतं. ती शिंप्याच्या घरातून आलेली, लग्नाआधी तिनं गाय लांबूनच पाहिलेली, पण तिला जनावरांचा लळा लागला. ती गोठ्यात गप्पा मारायची.

"अहो, ऐका तरी, कशी उत्तर देतेय," ती म्हणायची.

"ती उत्तर देत नाहीये. चारा मागतेय."

"मग तुम्ही का नाही देत?"

"अजून दहा मिनिटं आहेत."

लेकीनं आईचा लळा घेतला आणि बापाची जीभ. एकोणिसाव्या वर्षी तिनं जाहीर केलं की आपण इथंच राहणार, शेती करणार. अप्पांनी जेवता जेवता हातातला घास ताटात ठेवला.

"तुला कुणी बोलावलं होतं?"

"कुणी नाही. मला आवडतं."

"काय आवडतं?"

ती म्हणाली, "सकाळी गोठ्यात ऊब असते ते."

"ते शेण आहे," अप्पा म्हणाले, आणि पुढे महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती रागावली होती, पण त्या महिन्यात तिला एक गोष्ट लख्ख कळली. अप्पांना तिचा राग आला नव्हता. त्यांना हेवा वाटत होता. आपण ज्या जागेत अडकलो तिथं कुणी आपखुशीनं येतं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

खरं तर त्यांनाही एकदा दार उघडलं होतं, आणि ते आठवलं की लेकीला अजून त्यांचा संताप येतो. आजोबा गेले त्या वर्षीची गोष्ट. अप्पा एक्केचाळीस वर्षांचे, लेक अकराची. एक गोदामवाला जमीन मागायला आला. चांगला देणारा होता, आईची ना नव्हती, काकानं शहरातून होकार कळवून टाकला होता. चष्म्याचं दुकान टाकायला एक्केचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. आईनं तर शहरातल्या दोन खोल्याही बघून ठेवल्या होत्या.

गोदामवाला बाहेरच्या खोलीत बसला. दाराआड लेक उभी होती. अप्पा त्याच्याकडे बघत म्हणाले, "तुमचा चष्मा द्या."

त्यानं गोंधळून दिला. अप्पांनी तो उजेडाकडे धरला, रुमालानं पुसला, परत दिला.

"आता मला सांगा, या जमिनीवर पाणी कुठून येतं?"

"आकाशातून," गोदामवाला हसत म्हणाला.

"आणि जातं कुठं?"

"ते आमचे इंजिनियर बघतील."

"दोन्ही वावरांच्या मधे चर का खणलाय?"

"तो बुजवायचाच आहे आम्हाला."

अप्पा उठले आणि त्यांनी बाहेरचं दार उघडून धरलं. माणूस गेला. आईनं विचारलं, "अहो, काय केलंत हे? तुम्हाला इथून जायचं होतं ना?"

"तो चर खणायला मला तीन वर्षं लागली," अप्पा म्हणाले. "हा बैल एका दिवसात बुजवील आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच्याच गोदामात पोहत बसेल. असल्या मूर्खाला द्यायला मी आयुष्य घालवलं का?"

"मग शहाण्याला द्या."

"शहाणा घेईल कशाला?"

त्या दोन खोल्यांचा विषय आईनं पुन्हा काढला नाही. लेकीला तेव्हा बाप मोठा बाणेदार वाटला होता. पुढे स्वतः तिशी ओलांडल्यावर तिला वाटायला लागलं, कसला बाणा आणि कसलं काय. बावीस वर्षं कुरकुर करायची सवय लागलेला माणूस तो. कुरकुर करायला कारणच उरलं नसतं तर शहरात त्याचा जीव घाबरा झाला असता. आणि आईच्या दोन खोल्यांचं काय? चर वाचला, खोल्या गेल्या. कुणाला त्याचं काही सोयरसुतक नाही.

काका साठीला आले, नोकरीतून मोकळे झाले आणि मातीकडे परतले. परतले हा त्यांचाच शब्द. ज्या मातीनं त्यांना शिंका यायच्या, जी सोडून ते बेचाळीस वर्षं पंख्याखाली बसले, तिच्याकडे ते परतले. सोबत रुंद काठाची टोपी, तीन पुस्तकं आणि पाठदुखीचा पट्टा. विहिरीजवळचा तुकडा त्यांनी मागून घेतला. अप्पांनी दिला. भावाला नाही कसं म्हणायचं म्हणून नव्हे, तर तमाशा फुकटात बघायला मिळणार होता म्हणून.

पहिल्या दिवशी काका अनवाणी शेतात उतरले आणि डोळे मिटून उभे राहिले.

"दादा, काळ्या आईचा स्पर्श! तू कधी असा उभा राहिलायस का रे?"

"नाही," अप्पा म्हणाले. "तिथं काल खत टाकलंय."

काकांनी गाजरं पेरली, मुठीनं, दाणे दाट. उगवल्यावर अप्पा म्हणाले, विरळ कर. काकांना ते जिवावर आलं.

"अरे, जीव आहे त्यांच्यात. उपटून कशी टाकायची?"

"मग वाढदिवस कर त्यांचे."

हंगामाअखेर गाजरं निघाली ती बुटाच्या नाड्यांइतकी. काकांनी त्यांचे फोटो काढून शहरातल्या मित्रांना पाठवले, मित्रांनी वाहवा केली. लेक तेव्हा बत्तीस वर्षांची होती, गाईंचं सगळं तीच बघायची. काकांचा राग तिला येत नव्हता. करमणूक होती. पण एका सकाळी ती करमणूक संपली.

काकांना पहाटेची हवा घ्यायची लहर आली. ते चाऱ्यासाठी लावलेल्या लसूणघासाच्या वावरातून फिरून आले आणि फाटक उघडं टाकून घरात चहाला बसले. फाटक बंद असलं की गाई आत कोंडल्यासारख्या वाटतात, मोकळं बरं वाटतं, असं नंतर म्हणाले. उपाशी गाई दवानं भिजलेल्या त्या कोवळ्या घासात शिरल्या. लेक गोठ्याकडे निघाली तेव्हा तीन गाई वावरात उभ्या होत्या, डाव्या कुशी ढोलासारख्या फुगलेल्या, जिभा बाहेर. ओला घास पोटात फेसाळतो, वारा बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि जनावर घटकाभरात गुदमरतं.

तिनं हाक मारली. अप्पा आले ते बुटांच्या नाड्या न बांधता. तसं तिनं त्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं.

"तेल आण. आणि माझी नळी. खुंटीवर आहे."

जी गाय अजून उभी होती तिच्या तोंडात त्यांनी आडवी काठी बांधली, तेल पाजलं आणि आईच्या हाती दावं देऊन म्हणाले, चढावर चालव, थांबू देऊ नकोस. दुसरी खाली बसली होती. तिच्या बरगडीमागची खोलगट जागा आता खोलगट राहिली नव्हती, टेंगूळ झाली होती. अप्पांनी चार बोटं टेकवून जागा मोजली, टोकदार नळी एका दणक्यात आत घातली आणि आतला दांडा ओढून काढला. फेस उडाला, त्यांच्या बटणं लावलेल्या शर्टावर, तोंडावर, डोळ्यांत. त्यांनी तोंड फिरवलं नाही. नळीतूनच आत तेल सोडलं, हातानं पोट चोळत राहिले. तोंडानं अखंड चालू होतं, "मूर्ख. गाढव. पोटाला कळत नाही का तुझ्या? श्वास घे. घे म्हणतो ना, मूर्ख."

ती गाय वाचली. आईच्या हातातली वाचली. तिसरीकडे जायला उशीर झाला. अप्पा तिच्यापाशी पोचले तेव्हा तिचे पाय ताणलेले होते. ती म्हातारी होती, कळपातली सगळ्यात भांडखोर. ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले, चिखलात, घाण अंगावर घेऊन.

काका फाटकाजवळ येऊन उभे होते. टोपी हातात. "दादा, मला माहीत नव्हतं रे."

लेक वाट बघत होती. तिला वाटलं, आता सुटेल तोंडाचा पट्टा, बेचाळीस वर्षांचा साठा आहे आत. अप्पांनी भावाकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. उठले, फाटक लावलं, कडी पुन्हा एकदा ओढून बघितली आणि हात धुवायला गेले.

शिव्या दिल्या असत्या तर काका राहिले असते. गाजरांच्या शिव्या ते हसत झेलायचे. त्या आठवड्यात त्यांची पाठ फारच दुखायला लागली आणि ते शहरात परत गेले. पुढे ते वर्षातून एकदा यायचे, दिवसाउजेडी, जेवून जायचे.

अप्पा त्र्याहत्तराव्या वर्षी अंथरुणाला खिळले ते शेवटचेच. चार आठवडे पडून होते. आईनं पलंग खिडकीशी लावला, शेत दिसावं म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो फिरवायला लावला.

"भिंतीकडे तोंड करा."

दूध संस्थेचा सचिव भेटायला आला होता. त्याचे डोळे भरून आले. लेकीला बाजूला घेऊन तो कुजबुजला, "शेत बघवत नसेल हो त्यांना. दुखत असेल आतून."

"दुखत नाही," पलंगावरून आवाज आला. "कंटाळा येतो."

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. "तू चुकलीस," म्हणाले.

आता काय निघतंय कोण जाणे. "कुठं?"

"मक्याच्या ओळींत अंतर जास्त ठेवलंयस. मी पडलो त्याच्या आधीच बघितलं होतं."

"मुद्दाम ठेवलंय. मधून यंत्र जायला हवं. दोन माणसांचं काम वाचतं."

त्यांनी डोळे मिटले. झोपले असं समजून ती उठायला लागली, तेव्हा म्हणाले, "मग ठीक आहे."

चोवीस वर्षं ती त्यांच्याबरोबर राबली, त्यात मिळालेलं कौतुक म्हणायचं तर हे एवढंच. याचा आपल्याला इतका आनंद का व्हावा म्हणून तिला स्वतःचाच राग आला. ती तशीच गोठ्यात गेली आणि दोन बादल्या उगाचच घासल्या.

ते गेल्यावर महिन्याभरानं काका आणि सचिव मिळून आले. काकांच्या हातात एक कागद होता, सचिवाच्या हातात मोजमापाची फीत. शेताच्या उंचवट्यावर अप्पांच्या स्मरणार्थ एक बाक बसवायचा होता. दगडी, पाठ टेकायला सोय असलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकावं, शेताकडे पाहावं आणि अप्पांची आठवण काढावी. काकांनी बाकावरचा मजकूर वाचून दाखवला. "काळ्या आईवर जिवापाड प्रेम करणाऱ्या, मातीत रमलेल्या—"

"कोण रमलेलं?" लेकीनं विचारलं.

"दादा."

"काका, ते शेतातून आले की नखं घासायचे."

"अगं, ती त्याची पद्धत होती प्रेम करायची. काही माणसं बोलून दाखवत नाहीत."

"ते चोपन्न वर्षं बोलूनच दाखवत होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

सचिवानं घसा खाकरला. "ताई, मजकूर बदलू हवा तर. तुम्हीच सांगा काय लिहायचं."

तिनं विचार केला. चर, खांब, दूध, ती नळी. यातलं बाकावर काय बसणार? "काही लिहू नका," ती म्हणाली. "आणि उंचवट्यावर बाक बसणार नाही. तिथली माती हलकी आहे, बटाटा चांगला येतो."

काका दुखावले. "अगदी दादासारखी झालीस तू."

"नाही झाले. मला हे काम आवडतं."

आई दारात उभी राहून ऐकत होती. काकांनी तिच्याकडे वळून विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला. दादाला बाक आवडला नसता का?"

"बसायला कुणाला आवडत नाही?" आई म्हणाली. "पण त्यांनी मला बसू दिलं का कधी?"

कागद घडी होऊन खिशात गेला.

लेकीनं उंचवट्यावर बटाटा लावला. बटाटा काढायच्या वेळी काका आले, या खेपेला शहरातले दोन मित्र बरोबर होते आणि एकाच्या गळ्यात कॅमेरा. त्यांना भावाचं शेत दाखवायचं होतं. लेकीनं तिघांच्या हातात एकेक टोपली दिली. मित्रांनी एक सरी केली, फोटो काढले आणि सावलीला गेले. काका जाऊ शकले नाहीत, कारण लेक त्यांच्याकडे बघत होती. ते वाकून उकरत राहिले. बहात्तर वर्षांचा माणूस, पाठीला पट्टा, मधूनमधून शिंकत. दुपारपर्यंत बोटं सोलवटली.

"पुरे का गं?" त्यांनी विचारलं.

"सरी संपलेली नाही," ती म्हणाली.

ते पुन्हा वाकले. लहान बटाटे त्यांना दिसत नव्हते, निम्मे मातीतच राहत होते. तिनं थोडा वेळ बघितलं, शिवी ओठांवर आली होती ती गिळली, आणि रिकामी टोपली घेऊन त्यांच्या मागून राहिलेले बटाटे वेचत निघाली.